सर, ती रुई होती

सर, काल तुमची शोकसभा झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी भाषणात तुम्हांला, भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांना, दोनदा रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हटलं आणि सभागृहात कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. झेंडूचा हार तुमच्या फोटोपेक्षा मोठा होता, त्यातून तुमचं कपाळ तेवढं दिसत होतं. उपप्राचार्य म्हणाले, तुम्ही दारव्ह्याचं नाव जगाच्या नकाशावर नेलंत. कसं नेलंत असं कोणी विचारलं असतं तर बिचारे घामाघूम झाले असते. तुम्हांला जाऊन बारा दिवस झाले नाहीत तर या लोकांनी तुमचा पार पुतळा करून टाकला.

सभा संपल्यावर उपप्राचार्य माझ्याकडे आले. स्मृतिअंक काढायचाय, म्हणाले, ‘हिवाळी परिणामा’वर शनिवारपर्यंत चार पानं द्या मॅडम, त्यातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं? खरं आहे. तुमचा तो गाजलेला हिवाळी परिणाम खोटा आहे हे माहीत असलेली दोनच माणसं होती, असं मी कालपर्यंत धरून चालले होते. एक तुम्ही. दुसरी मी, आणि माझ्या नावाआधी जे डॉक्टर लागतं ते त्याच खोट्यावर उभं आहे. देते म्हणाले चार पानं. ही घ्या.

अंक वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना आपण त्या कोपऱ्यातल्या खोलीत इतकी वर्षं काय करत होतो हे ठाऊक नाही. म्हणून तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलंत तसंच लिहिते. घाटंजीहून आलेली, तहसीलमधल्या कारकुनाची मुलगी मी, नवी नवी लेक्चरर. तुम्ही स्टुलावर मांडी घालून बसला होतात. (स्टुलावर मांडी कशी घालता येते हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.)

“हे पाह्य शैला,” तुम्ही म्हणालात, “फेरोइलेक्ट्रिक म्हणजे कसं, का त्याच्या आतला प्रभार एका बाजूले झुकून राह्यते. वीज देली का दुसऱ्या बाजूले झुकते. आता समज, वर्गातली अर्धी पोरं खिडकीकडे तोंड करून बसली अन् अर्धी दाराकडे. मधात जिथं तोंडं फिरते, ते डोमेन वॉल. चार-दोन अणूंची जाडी. विजेनं ढकललं का ते भिंत सरकते. सरळ नाई सरकत पण. काही खोट आली मधात का अडते. जोर वाढवला का कुदते. आपल्याले तिचं अडणं अन् कुदणं पाह्यचं हाय. बस.”

बस! जगभरात लोक ज्याच्यासाठी सबंध इमारती बांधतात ते तुम्ही ‘बस’ म्हणून सांगितलंत. मी तेव्हाच तुमच्या प्रेमात पडले असते, पण तुम्ही लगेच करंगळीनं कान कोरायला लागलात.

आपल्याकडे होतं काय? मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेतून मागून आणलेले, प्लॅटिनमचा मुलामा दिलेले सिलिकॉनचे तुकडे, नखाएवढे. एक भट्टी, तिचं दार वीट टेकवून बंद करावं लागे. आणि रफिकभाईंचं यंत्र. रफिकभाई जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करणारे, बसस्टँडमागे त्यांचं दुकान. त्यांनी मिक्सरच्या मोटारीवर एक चकती बसवून दिली होती. चकतीवर तुकडा ठेवायचा, त्यावर फेरोइलेक्ट्रिकच्या, व्हिनेगरसारख्या वासाच्या द्रावणाचा थेंब सोडायचा, बटण दाबायचं. थेंब गरगर फिरून पसरायचा. मग भट्टी. केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ थर तयार व्हायचा. परदेशात याच यंत्राची किंमत ऐकून रफिकभाई म्हणाले होते, “इतने में तो मैं पूरे दारव्हे की चटनी पीस दूँ.” कालच्या सभेत शेवटच्या रांगेत ते उभे होते. बाहेर पडताना एवढंच विचारलं, “वो घुमनेवाली मशीन अभी चलती क्या, मॅडम?” सबंध सभेत तुमच्या कामाबद्दल कोणी विचारलेला तो एकमेव प्रश्न.

आणि तो आवाज. भिंत अडून कुदली की विजेचा बारीकसा झटका येतो. तुम्ही तो वाढवून एका जुन्या रेडिओच्या स्पीकरला जोडला होतात. व्होल्टेज वाढवत नेलंत आणि स्पीकरमधून कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं तडतडायला लागलं. “ऐकून राह्यली ना? अणू बोलून राह्यले,” तुम्ही म्हणालात. माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही मला तो आवाज दिलात, सर. पुढे काय वाट्टेल ते केलंत, पण तेवढं एक दिलंत, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे वाक्य मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही आठवडाभर फुगून फिरला असता.

आता मुद्द्यावर येते. कॉलेजच्या आवाराला लागून जिनिंग, कापसातली सरकी काढायचा कारखाना. दसऱ्यानंतर सुरू व्हायची, होळीपर्यंत घरघरायची. थर द्यायच्या आधी तुकडा पुसावा लागतो, त्यावर धुळीचा कणही चालत नाही. त्यासाठी खास कागद मिळतो, भिंगं पुसायचा. आपण उन्हाळ्यात, पावसाळ्यात तोच वापरायचो. पण दसरा झाला की तुम्ही स्वतः जिनिंगमध्ये जाऊन ताज्या रुईचा गठ्ठा काखोटीला मारून यायचात. पांढरीशुभ्र, सरकी काढलेली, अजून कोमट. “दारात कापूस पडून हाय अन् कागद कायले मागवता? आपल्या रुईसारखं मऊ जगात काही नाई.” पाहुण्यांना केवढ्या अभिमानानं सांगायचात ते! दवाखान्यातला कापूस उकळून, धुऊन, त्यातलं मेण काढून तयार करतात, हे भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखाला माहीत असायला हवं होतं. मलाही. पण वऱ्हाडातल्या माणसाला कापूस अस्वच्छ असेल अशी शंकाच येत नाही. आपण जन्मल्यापासून त्यात गुंडाळलेले.

झालं काय, की हिवाळ्यात केलेल्या थरांमधल्या भिंती हट्टी निघायला लागल्या. हलायलाच तयार नाहीत. पुष्कळ जास्त व्होल्टेज द्यावं लागायचं. पावसाळ्यातल्या थरांमध्ये त्याच भिंती सुरळीत सरकायच्या. तीन वर्षं हेच. तुम्ही हर्षानं वेडे व्हायचे बाकी होतात. कोरडी थंड हवा, तिच्यामुळे थरात राहणाऱ्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, त्या जागांना अडकणाऱ्या भिंती... काय सिद्धान्त रचलात! निबंध छापून आला. परिषदांची आमंत्रणं आली. तिथे तुमचं ‘हाय’ आणि ‘कायले’ कुठल्या कुठे जायचं, असं शुद्ध बोलायचात की मला ओशाळं व्हायचं. कॉलेजनं दारावर फलक लावला. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे तोच परिणाम. खरं तर सगळा प्रबंधच तो, बाकीची प्रकरणं भरताड.

मग ते वर्ष आलं. कापसाचे भाव कोसळले होते, खरेदी सुरू होईना, गाड्या दुसरीकडे वळल्या. दसरा झाला, दिवाळी झाली, जिनिंगचं कुलूप निघालं नाही. तिथे कामाला जाणाऱ्या बाया फाटकाशी येऊन बसायच्या आणि दुपारी उठून जायच्या. सबंध गावाचं तोंड उतरलेलं. तुम्हांला चिंता एकच, की पुसायला रुई नाही. मी म्हटलं, कागद आहे ना. हिवाळाभर मी कागदानं पुसून थर केले.

परिणाम गायब. कडाक्याची थंडी, हवा कोरडी ठणठणीत, आणि भिंती पावसाळ्यासारख्या सरकतायत. दोन आठवडे मी उपकरणांवर खापर फोडलं. मग घरातल्या जुन्या गादीची शिवण उसवून मूठभर कापूस घेऊन आले, पण तो मळका होता, मनाला पटेना. शेवटी जिनिंगच्या चौकीदाराला गाठलं. मागल्या वर्षीच्या गठ्ठ्यातली रुई त्यानं काढून दिली. एकाच दिवशी, एकाच हवेत, चार तुकडे रुईनं पुसले, चार कागदानं. रुईचे चारही अडले. कागदाचे चारही सुटले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रुईच्या तुकड्यांवर बारीक बारीक ठिपके रांगेनं, तंतू चिकटून भट्टीत जळून गेल्याच्या खुणा. भिंती नेमक्या त्या राखेपाशी अडत होत्या. हिवाळ्याचा काही संबंध नव्हता. आपण स्वतःच्या हातानं, दर हिवाळ्यात, मोठ्या प्रेमानं घाण फासत होतो.

सर, मी तुमच्याकडे धावत आले होते हो! भीत भीत नाही, आनंदानं. मला वाटलं तुम्ही उडी माराल. केवढी मजेची गोष्ट होती ती! छापली असती तर लोक हसले असते, पण विसरले नसते. तुम्ही आठही तुकडे पाहिले, आलेख पाहिले, चहा मागवला. चहा आला. मग म्हणालात, “खरं हाय.” आणि बशीत चहा ओतून, “पण हे लिहू नको.”

“काहून?” मी विचारलं.

“विभाग बंद करतीन हे लोक. तुहा प्रबंध जाईन. माह्यं तर जाईनच. तू ‘पृष्ठभागाची अवस्था’ असं लिही. खोटं थोडी हाय ते? पृष्ठभागच तर हाय.”

आपण भांडलो. मी तुम्हांला भित्रे म्हटलं, तुम्ही मला हट्टी म्हटलंत. तुमचा आवाज खाली गेला तसा माझा वर गेला. “तुले सांगतो ना, नाव तुह्यं भी बुडीन,” हे तुम्ही तीनदा म्हणालात, आणि तिसऱ्यांदा मी गप्प बसले. ही माझी बहादुरी. पृष्ठभागाची अवस्था! साडेतीन पानं लिहिली मी त्या अवस्थेवर. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी त्याच पानांचं कौतुक केलं. घाटंजीला बाबांनी पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही, दात दुखतो म्हणाले.

इथवर मी तुम्हांला माफ केलं असतं. माणूस घाबरतो. पण पुढल्या वर्षी जिनिंग पुन्हा सुरू झाली आणि तुम्ही पुन्हा गठ्ठा घेऊन आलात. माझे तुकडे मी कागदानं पुसायचे. पाहुणे आले, समिती आली, की तुम्ही आपल्या हातानं रुईचा बोळा घ्यायचात, तुकडा पुसायचात आणि नेहमीच्या व्होल्टेजला लाह्या न फुटणारा स्पीकर त्यांना ऐकवायचात. “पाहा, हिवाळा!” आधी ती चूक होती. आता तुम्ही ती करून दाखवत होता. मी त्या वेळी दाराशी उभी असायचे. एकदा तर समितीतल्या बाईंना मी स्वतः चहा दिला. तेव्हा तुमची किळस आली मला, सर, आणि स्वतःची त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी पुसदहून संत्री आणलीत, टेबलावर ठेवलीत आणि काही न बोलता गेलात. ती मी शिपायाला देऊन टाकली. एक ठेवायला हवं होतं.

मग अनिता. पुसदच्या कॉलेजातली, जवळच्या तांड्यावरून शिकायला आलेली. तिच्या मार्गदर्शकानं तिला विषय काय द्यावा? हिवाळी परिणाम. दोन हिवाळे झाले, पोरगी थर करते आहे, परिणाम येत नाही. यावा कसा? तिच्या प्रयोगशाळेशेजारी जिनिंग नाही, ती आपली शहाण्यासारखी कागदानं पुसते. तिचे मार्गदर्शक म्हणतात, तुझ्या हाताला सफाई नाही. ती तुम्हांला फोन करायची आणि मी समोर बसलेली असताना तुम्ही सांगायचात, “बेटा, हवा अजून कोरडी करून पाह्य.” बेटा! जीभ झडली नाही तुमची. जगात नसलेल्या गोष्टीपायी ती स्वतःला नालायक समजत होती आणि तुम्ही तिला बेटा म्हणत होता.

शेवटची भेट आठवते ना? तुम्ही खाटेवर, पायावर सूज. काकू चहा करायला आत गेल्या. तुम्ही म्हणालात, “शैला, त्या पुसदच्या पोरीचा फोन आलता.” मी पर्स उचलली. म्हटलं, “अजून किती कोरडी करायला सांगितलीत हवा?” आणि चहा न घेता निघाले. तुम्ही मागून काहीतरी म्हणालात, मी ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं मला. पायऱ्या उतरताना मला फार बरं वाटलं होतं, आपण एकदाचं तोडलं म्हणून. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

काल रफिकभाई गेल्यावर सायकलस्टँडपाशी एक मुलगी उभी दिसली. बारीक, चष्मा, खांद्याला शबनम. “मी अनिता, मॅडम. पुसदची.” तिला पहिल्यांदाच पाहत होते. तिचा चेहरा फार थकलेला होता. ती म्हणाली, “सर गेले. आता तुम्हांलाच विचारते. माझ्याकडे भिंती अडतच नाहीत, मॅडम. काय करू? माझी याडी... आई विचारते, पोरी, कधी होणार तुझं.”

सर, तुमच्याबद्दल वर जे जे लिहिलंय ते सगळं माझ्या मनात तयार होतं. भित्रे, लबाड, सगळं. एक वाक्य बोलायचं होतं. अनिता, ती रुई होती. चार शब्द. आणि माझ्या तोंडून निघालं, “हवा अजून थोडी कोरडी करून बघ.”

तुमचाच सूर. ‘बेटा’ तेवढं म्हणायचं राहिलं.

ती हळूच म्हणाली, “सरांनी मले सांगितलं होतं, तुम्ही पहिल्यांदा असंच म्हणाल म्हणून.”

मला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी तुम्हीच तिला फोन केलात. रुई, राख, आठ तुकडे, माझ्या हातानं केलेला प्रयोग, सगळं सांगितलंत. पुसदच्या बाजारातून रुई आणून तिनं ते करूनही पाहिलं, अगदी तसंच निघालं. तिचा निबंध लिहून तयार आहे. “पण सर म्हणाले, पाठवू नको. मॅडमची डिग्री हाय त्याच्यावर. तिले विचार. ती हो म्हणंन तरच पाठव. एकदा नाई म्हणंन, तरी जाऊ नको तिथून, थांब जराशी.” त्या दिवशी खाटेवरून मला तेच सांगायचं होतं तुम्हांला, आणि मी पर्स उचलली.

वा, सर! चूक तुमची, खोटं तुमचं, आणि निस्तरायला मी. मरतानाही स्वतः लिहून टाकायची छाती झाली नाही तुमची, माझ्या दारात एक पोरगी आणून उभी केलीत. सायकलस्टँडवर उभी राहून मी मोठमोठ्यानं रडले. शोकसभेत माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. अनिता घाबरून गेली, पाण्याची बाटली पुढे करत राहिली. मला तुमचा इतका राग आला होता आणि तुम्ही समोर नव्हतात, हेच सहन होईना.

डोळे पुसून म्हटलं, “पाठव. आजच पाठव. प्रयोग मी केला होता आणि लपवला होता, असं स्पष्ट लिही. विद्यापीठाला मी स्वतः कळवते, डिग्रीचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे.”

“आणि सरांचं नाव, मॅडम?” तिनं विचारलं. “सरांनी ते काही सांगितलं नाही. गाळू का?”

मी म्हटलं, “गाळायचं नाही. चूक कोणाची, ते आधी लिहायचं. निबंधावर पहिलं नाव त्यांचंच घाल.”

तुम्हांला विचारलं नाही, सर. तुम्हीही मला तेव्हा, ‘लिहू नको’ म्हणताना, विचारलं नव्हतं.